टरकलेल्यांचं गाणं

आधी हाय-हॅटची टिकटिक. तीही स्वच्छ नाही, जुन्या रेकॉर्डवरच्या धुळीची खरखर अंगाला लागलेली. मग खालच्या पट्टीत पियानोचे मोजके सूर, पाण्याखालून यावेत तसे. आणि मधूनच एक ताणलेली कर्कश किंचाळी. अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही, तरी ऐकणाऱ्याची मान मागे वळते, पाठीशी कोणी उभं आहे का ते बघायला.

‘शुक वन्स, पार्ट टू’ या गाण्याची ही सुरुवात. ते १९९५ सालच्या ‘द इन्फेमस’ या अल्बममधलं. अल्बम करणारे दोघे, हॅवॉक आणि प्रॉडिजी, जोडीचं नाव मॉब डीप. अल्बम आला त्या एप्रिल महिन्यात दोघांनाही एकविसावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. हिप हॉपमध्ये ज्याला ‘हार्डकोर’ म्हणतात, त्याचं नाव निघालं की जाणकार पहिल्या दोन-तीन अल्बममध्ये याची गणना करतात. हे पुस्तक त्या दोघांच्या संगीताबद्दल आहे.

मराठीत यावर लिहायचं तर सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागेल. हार्डकोर म्हटलं की आपल्याला आरडाओरडा, छाती पुढे काढून दिलेल्या धमक्या आठवतात. मॉब डीपच्या गाण्यांत धमक्या भरपूर आहेत. आवाज मात्र कुठेही चढत नाही. आणि गाण्याचं नावच बघा. ‘शुक’ म्हणजे हादरलेला, हबकलेला. आपल्याकडच्या रस्त्यावरचा नेमका शब्द आहे ‘टरकलेला’. जे वरून शूर दिसतात आणि आतून टरकलेले असतात, त्यांच्याबद्दलचं हे गाणं. वीस वर्षांहून अधिक काळ ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की भीती ओळखण्यात या दोघांचा हात कोणी धरू शकत नाही, कारण ती त्यांनी फार जवळून पाहिली होती. समोरच्याच्या डोळ्यातली पाहिली होती, त्याहून जास्त आरशातली.

ही भीती कुठून आली ते समजायला नकाशावर एक जागा बघावी लागते. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात, ईस्ट रिव्हरच्या काठाला, क्वीन्सबरो पुलाच्या सावलीत क्वीन्सब्रिज हाउसेस ही सरकारी वसाहत आहे. उत्तर अमेरिकेतली ही सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत, १९३९ साली खुली झालेली. सहा मजली विटांच्या इमारती, वरून पाहिलं तर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या, आणि त्यांत तीन हजारांहून अधिक घरं. बांधताना खर्च वाचवायचा म्हणून लिफ्ट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच थांबतील अशी योजना केलेली. म्हणजे राहणाऱ्यांपैकी निम्म्यांना घरी जाताना जिन्याशिवाय गत्यंतर नाही. या जिन्यांत, त्या आडोशाच्या वळणांवर, पुढे काय काय घडत गेलं ते मॉब डीपच्या गाण्यांतून ऐकायला मिळतं. नदीपलीकडे मॅनहॅटनचे झगमगते मनोरे, अलीकडे वीजकेंद्राची धुरांडी.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या वस्तीत क्रॅक आलं. कोकेनपासून बनवलेले हे खडे स्वस्तात मिळत आणि काही मिनिटांत उतरत, त्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा विकणाऱ्याकडे येई. विकणाऱ्यांची कोपऱ्या-कोपऱ्यावर स्पर्धा, स्पर्धेत बंदुका, आणि बंदुका धरायला चौदा-पंधरा वर्षांची मुलं. १९९० या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात २,२०० हून अधिक खून झाले. हॅवॉक आणि प्रॉडिजी त्या वर्षी सोळा वर्षांचे झाले. त्यांच्या गाण्यातला कोणी अठराव्या वर्षीच आयुष्य संपल्यासारखा बोलू लागला, तर तो आकडा आठवावा.

पण क्वीन्सब्रिजकडे दुसरीही मिळकत होती. मार्ली मार्ल हा निर्माता इथलाच. जुन्या रेकॉर्डवरून ड्रमचा एकेक ठोका वेगळा कापून घ्यायचा आणि स्वतःच्या तालात नव्याने बसवायचा, ही युक्ती हिप हॉपमध्ये रुळली ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. एम. सी. शॅन, रॉक्सॅन शांते, ट्रॅजेडी खदाफी हे सगळे रॅपर याच इमारतींतले. आणि नॅस, ज्याचा ‘इलमॅटिक’ १९९४ च्या एप्रिलमध्ये आला, मॉब डीपच्या अल्बमच्या बरोबर एक वर्ष आधी. चार पावलांवर राहणारा, जवळजवळ आपल्याच वयाचा पोरगा असं काही करून दाखवतो, तेव्हा शेजारच्यांना झोप लागणं कठीण.

हॅवॉक, म्हणजे केजुआन मुचिटा, या वस्तीत वाढला. प्रॉडिजी, म्हणजे अल्बर्ट जॉन्सन, इथला नव्हता. त्याचा जन्म लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेडचा आणि घराणं संगीताचं. आजोबा बड जॉन्सन हे नावाजलेले जॅझ सॅक्सोफोनवादक आणि संयोजक, अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात काम केलेले. आजी नृत्यशाळा चालवायची. आई ‘द क्रिस्टल्स’ या १९६० च्या दशकातल्या गायिकांच्या गटात होती. आणखी मागे गेलं तर अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे संस्थापक विल्यम जेफरसन व्हाइट हे याच घराण्यातले पूर्वज. दोघांची गाठ पडली मॅनहॅटनच्या हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये. चित्रकलेच्या शाळेत! हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे, कारण यांच्या गाण्यांत आधी चित्र दिसतं, मग अर्थ लागतो.

पहिला अल्बम ‘जुवेनाइल हेल’ १९९३ साली आला आणि पडला. तो आज ऐकला तर कारण लगेच कळतं: दोन पोरं मोठ्यांच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करताहेत. कंपनीने हात काढून घेतला. त्यांना ‘लाउड रेकॉर्ड्स’मध्ये पुन्हा संधी मिळाली ती मॅटी सी या माणसामुळे. ‘द सोर्स’ या मासिकात नवोदितांवरचं सदर लिहिताना त्याने या दोघांना आधीच हेरलं होतं. दुसरी संधी मिळाली, तिसरी मिळणार नाही हे दोघांना ठाऊक होतं. पुढच्या दोन वर्षांत ते इतके कसे बदलले, याचं माझं उत्तर साधं आहे. त्यांनी ओरडणं थांबवलं आणि ते आपल्या जिन्यातल्या आवाजात बोलू लागले.

इथे हॅवॉकच्या कामाबद्दल सविस्तर बोलायला हवं. प्रॉडिजीच्या ओळी लोकांच्या तोंडी बसल्या, त्यामुळे हॅवॉकचं श्रेय नेहमी थोडं मागे पडतं. या अल्बममधल्या बहुतेक बीट्स त्याच्या. त्याची पद्धत अशी: जुन्या जॅझ किंवा सोलच्या रेकॉर्डवरचा एक तुकडा उचलायचा, त्याचा वेग कमी करायचा, म्हणजे सूरही खाली उतरतो; मग त्यातला उजेड काढून टाकायचा. वरचे चकचकीत स्वर गाळले की उरते ती नुसती सावली. खाली ड्रम मात्र कोरडे, जवळ वाजणारे, दारावर थाप पडावी तसे. मधली जागा रिकामी. दुसऱ्या कोणी तिथे व्हायोलिनं भरली असती. हॅवॉकने ती मोकळी ठेवली आणि त्या पोकळीतच सगळी दहशत आहे. बॅरी हॅरिस यांच्या पियानोचा एक हळवा तुकडा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’मध्ये इतका गोठून जातो की मूळ वाजवणाऱ्याला ओळखू येईल की नाही, शंका वाटते.

‘शुक वन्स, पार्ट टू’मधली किंचाळी क्विन्सी जोन्स यांच्या १९७१ च्या चित्रपटसंगीतातली आहे, हे जाणकारांना माहीत होतं. पण ते पाण्याखालचे सूर कुठले, हे कोडं तब्बल सोळा वर्षं सुटलं नव्हतं. जगभरचे हौशी शोधक जुन्या रेकॉर्डी पालथ्या घालत होते. २०११ साली छडा लागला: हर्बी हॅनकॉक यांची ‘जेसिका’ ही रचना, १९६९ च्या ‘फॅट अल्बर्ट रोटुंडा’ या अल्बममधली. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून ऐका. ‘जेसिका’ ही संथ, कोमल, प्रेमाने वाजवलेली रचना आहे. तिच्यातले काही क्षण कापून, उतरवून, फिरवून हॅवॉकने त्यांचा धोक्याचा इशारा केला. ही बीट तो पुसूनच टाकायला निघाला होता, सोबत्यांनी थांबवलं, असं त्याने स्वतः सांगितलं आहे.

अल्बम पुरा होता होता ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’चा क्यू-टिप मदतीला आला. त्याने ड्रम घट्ट केले, मिश्रण नीट केलं, दोन-तीन गाण्यांना स्वतःचा हात लावला. त्याच्या गटाचं संगीत प्रसन्न, खेळकर. तरी या पोरांचा अंधार त्याने उजळायचा प्रयत्न केला नाही. मोठ्या कलावंताची समज यातच दिसते.

आता प्रॉडिजीचा आवाज. तो सपाट आहे. तो ओळ जोरात फेकत नाही, समोर ठेवतो. शब्द संपतो तिथे तो श्वास जपून घेतो, जणू मोजून मिळालेला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा थंडपणा शैली वाटतो. मला तो दुखणं वाटतो, आणि यामागे केवळ कल्पना नाही.

प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेल होता. महाराष्ट्रात हा शब्द समजावून सांगायची गरज निम्म्या भागाला नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत तो रोज बोलला जातो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पुढे रक्त पोचलं नाही की हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा येतात. थंडी, तहान, श्रम, ताप, कशानेही कळ उठते. बाहेरून जखम दिसत नाही, सूज दिसेलच असं नाही, त्यामुळे इतरांना खरं वाटत नाही. अशी मुलं लहानपणीच शिकतात की ओरडून उपयोग नसतो. ती गप्प पडून राहतात आणि छतावरच्या एका डागाकडे बघत कळ ओसरायची वाट पाहतात.

२००० साली आलेल्या ‘एच.एन.आय.सी.’ या स्वतंत्र अल्बममध्ये प्रॉडिजीने ‘यू कॅन नेव्हर फील माय पेन’ या गाण्यात हे उघड मांडलं. माझ्या मते त्याचं सर्वांत धाडसी गाणं ते. बंदुकीबद्दल बोलणं त्याच्या वस्तीत रोजचंच होतं. इस्पितळातली खाट, सुया, वेदनाशामकं यांबद्दल बोलणारा तिथे कोणी नव्हता. आणि एकदा ते ऐकलं की मागची सगळी गाणी बदलतात. ज्याला शरीर केव्हाही दगा देऊ शकतं, त्या मुलाला ‘टरकलेला’ कोण, हे कळणारच. १९९६ साली टुपाक शकुर या रॅपरने आपल्या गाण्यात याच आजारावरून त्याला हिणवलं होतं. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या रॅपरांत वैर पेटलं होतं आणि मॉब डीप त्यात पूर्ण गुंतले होते. सप्टेंबरात टुपाकचा खून झाला. नोव्हेंबरात मॉब डीपचा ‘हेल ऑन अर्थ’ आला. ‘द इन्फेमस’पेक्षाही काळा, आणि काही जणांच्या मते त्याहून सरस. मी त्या मताचा नाही, पण मतभेदाला जागा आहे.

या गाण्यांतल्या हिंसेबद्दल काय म्हणायचं? मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही. यात शिव्या आहेत, माणसं मारण्याची वर्णनं आहेत, स्त्रियांबद्दल असं बरंच आहे जे मला ऐकवत नाही आणि जे मी इतरांना ऐकवतही नाही. ‘समाजाचं प्रतिबिंब’ एवढं म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही, कारण आरसा ज्याच्या हातात असतो तोही काहीतरी निवडत असतो. तरी यांच्या गाण्यांत हिंसेनंतरचा क्षण नेहमी येतो, तो मला धरून ठेवतो. ‘टेंपरेचर्स रायझिंग’ घ्या. खुनाच्या आरोपावरून फरार असलेल्या भावाला लिहिलेलं पत्र आहे ते. हॅवॉकच्या सख्ख्या भावावरच तशी वेळ आली होती. पोलीस घरी येऊन गेले, फोनवर जपून बोल, कोणावर भरवसा ठेवू नकोस, असा घरचा मजकूर. यात शौर्य कुठेही नाही. मागे राहिलेल्यांची धडधड आहे.

भाषेचीही अडचण आहे. क्वीन्सब्रिजची स्वतःची बोली होती, ‘डन लँग्वेज’. एकमेकांना हाक मारायचा तिथला शब्द ‘सन’. एका मित्राला तो नीट उच्चारता येईना, तो ‘डन’ म्हणे. टिंगल झाली असेलच, पण मग सगळ्यांनीच ‘डन’ म्हणायला सुरुवात केली आणि एका मुलाचा बोबडा उच्चार वस्तीची खूण झाला. ही गोष्ट प्रॉडिजीने सांगितलेली. कठोर म्हणून गाजलेल्या या संगीताच्या पोटात इतकी माया आहे, हे कोशात बघून कळणार नाही. अशा शब्दांपाशी मला एक आदर्श आठवत राहिला. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. ते जग तेंडुलकरांचं नव्हतं. ते ढसाळांच्या वस्तीत त्यांच्याबरोबर हिंडले, अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनाच विचारले, आणि आपलं परकेपण वाचकांपासून लपवलं नाही. पुस्तकात मीही तोच मार्ग धरला आहे. शब्द अडला तिथे तो तसाच ठेवून भोवतालचं सांगितलं आहे; मराठी शिवी घालून तो आपलासा केल्याचा आव आणलेला नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९९९ च्या ‘मर्डा म्युझिक’ने त्यांना सर्वांत मोठं यश दिलं. २००१ साली न्यूयॉर्कच्या ‘समर जॅम’ मैफलीत रॅपर जे-झीने पडद्यावर प्रॉडिजीचा लहानपणचा, नाचाच्या पोशाखातला फोटो दाखवून त्याची चेष्टा केली. आजीच्या नृत्यशाळेतला तो फोटो. मला त्या फोटोतल्या मुलाबद्दल कधी हसू आलं नाही. दुखऱ्या हाडांचं ते पोर आजीसाठी नाचत होतं. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल प्रॉडिजी २००८ ते २०११ तुरुंगात होता. बाहेर येताच आत्मचरित्र आलं, ‘माय इन्फेमस लाइफ’. आणि २०१६ साली चक्क पाककृतींचं पुस्तक! तुरुंगातल्या कॅन्टीनमध्ये जे मिळेल त्यातून, सिकलसेलच्या आजारात शरीर धडधाकट राहील असं काय शिजवता येईल, याचं ते पुस्तक. मधल्या काळात २०१२ साली दोघांचं जाहीर भांडण झालं, पुढच्या वर्षी मिटलं.

जून २०१७ मध्ये लास व्हेगासला मैफल झाल्यावर प्रॉडिजीचा आजार उसळला. तिथल्या इस्पितळात असतानाच जेवताना घास घशात अडकून त्याचा मृत्यू झाला. तारीख २० जून, वय बेचाळीस. त्याच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर हॅवॉकने, अल्केमिस्ट या जुन्या साथीदाराबरोबर, काम केलं आणि २०२५ साली ‘इन्फिनिट’ हा अल्बम आला. तो काढणाऱ्या ‘मास अपील’ कंपनीमागे नॅस आहे, क्वीन्सब्रिजचा तोच शेजारी. मुंबईच्या रॅपवरच्या ‘गली बॉय’ या चित्रपटाच्या निर्मितीशी २०१९ साली नाव जोडलं गेलं तेही त्याचंच, आणि त्याच वर्षी त्याच्या कंपनीची भारतातली शाखा डिव्हाइन या मुंबईकर रॅपरला घेऊन सुरू झाली. तेव्हा जिन्यातल्या त्या बोलण्याचा आपल्या गल्ल्यांशी संबंध जोडायला मला फार लांब जावं लागलं नाही.

माझा स्वतःचा संबंध मात्र त्याआधीचा, नागपूरचा. ‘एट माइल’ हा एमिनेमचा चित्रपट मी हॉस्टेलवर असताना पाहिला. त्यात सुरुवातीला आरशासमोर उभा राहून नायक ज्या बीटवर सराव करतो आणि शेवटची लढत ज्या बीटवर जिंकतो, ती ‘शुक वन्स, पार्ट टू’चीच. ती कुठली, याचा शोध घेत मी ‘द इन्फेमस’पर्यंत पोचलो आणि कोणाकडून तरी सीडी उतरवून आणली. माझा खोलीतला सोबती गडचिरोलीकडचा. त्याला सिकलसेल होता. हिवाळा लागला की तो अंथरुणात पाय पोटाशी घेऊन पडून राहायचा, आणि फार झालं तर गरम पाण्याची बाटली तेवढी मागायचा. इंग्रजी गाण्यांत त्याला रस नव्हता. पण सायबर कॅफेत मी प्रॉडिजीच्या आजाराबद्दल वाचून आलो होतो, ते त्याला सांगितलं. त्या रात्री डिसेंबरची थंडी होती. तो उठून बसला, एक गाणं पूर्ण ऐकलं, एक शब्दही कळला नसावा.

मग म्हणाला, “न्यूयॉर्कले तं बरफ पडते म्हनतेत. मंग हा हिवाळ्यात काय करत असन बे?”

मला उत्तर देता आलं नाही. मी खिडकी लावून घेतली आणि सीडी पुन्हा सुरुवातीपासून लावली.